मालतीताईंची उलटी बरणी

सुमेधाचा फोन आला तेव्हा मी धायरीच्या पुलाखाली गर्दीत अडकलो होतो. "आत्या गेली. आणि ती बरणी तुम्हाला द्यायला सांगून गेलीय." मी बरं म्हणालो... आणि पहिल्यांदा दुःख नाही, धास्ती वाटली. त्याला दीड महिना झाला.

मालतीताई कोथरूडला आमच्या शेजारी राहत. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांना चिनी मातीच्या जुन्या बरण्यांचा नाद लागला. कुणाच्याही घरी गेल्या की आधी बरणी उलटी करायच्या, मग पाणी प्यायच्या. तळावरच्या कारखान्याच्या शिक्क्यावरून त्या बरणीचं वय सांगत. जुन्या बाजारात सोबतीला मी असायचो. एकदा एकानं बरणी इंग्रजांच्या काळची म्हणून पुढे केली. ताईंनी ती उलटी केली. शिक्क्यात देवनागरीत 'भारत' होतं. "अहो, इंग्रज ही बघायला परत आले होते का?" एवढं बोलून त्या पुढे गेल्या. चुकीचं वय सांगणाऱ्याला त्यांनी कधी माफ केलं नाही.

त्यांची आई स्वातंत्र्याच्या आधीच गेली, ताई पाच वर्षांच्या असताना. आईची एकही वस्तू त्यांच्याकडे नव्हती. अलीकडे गावच्या घराची वाटणी झाली आणि भावानं एक बरणी पाठवली, खाली पांढरी, वर तपकिरी. आईची असावी, असा निरोप होता. तोवर ताईंची नजर गेली होती आणि झिलईखालचा छापील शिक्का बोटांना लागत नाही. म्हणून मला बोलावलं.

"देवनागरी आहे का रे कुठं?"

निळ्या वर्तुळात 'भारत' स्वच्छ दिसत होतं.

"नाही ताई. सगळं इंग्रजीत आहे."

त्यांनी कोपरापर्यंत हात बरणीत घातला, बोटं हुंगली. "मेथीचा वास येतोय... आईचीच."

लोकांना वाटेल, दया आली म्हणून बोललो. तसं नव्हतं. दिवसभर ऑफिसात डोकं उठलं होतं. खरं सांगितलं असतं तर त्यांच्याजवळ बसावं लागलं असतं, ते मला नको होतं. त्यानंतर येईल त्याला त्या ती बरणी दाखवत, वय सांगत. जिथं त्या कधी चुकल्या नाहीत, तिथंच मी त्यांच्या तोंडी खोटं वय घातलं होतं, आणि समोर बसून चहा पीत होतो.

परवा सुमेधानं तळाचा फोटो मागितला. घरात सगळ्यांना हवाय, म्हणाली, आजीची आठवण म्हणून. बरणी ओट्यावर उलटी करून फोटो काढला. हे लिहून झालं की फोटो आणि हे लिहिलेलं, दोन्ही तिलाच आधी पाठवणार आहे.

बरणी सुलटी करताना हात आत गेला. मेथीचा वास खरंच येतो... तो कुणाच्या हातच्या लोणच्याचा, हे कुठल्या शिक्क्यात नसतं. पण आता हे ऐकवायचं कुणाला?