पाकिटावरचा अठ्ठ्याऐंशी

“वहिनी, शेवग्याचाच पाला आहे ना? मी काय गवत भरून आणलंय?”

“भाऊजी, पोत्यातला पाला तुम्ही गच्चीवर भर उन्हात पसरलात. करपून तपकिरी झालाय. तपासायला ही बरणी आणलीत, त्यातला सासूबाईंनी मागच्या झाडाचा खुडलाय, सावलीत वाळवलाय. ती बाई पोती विकत घ्यायला येतेय, बरणी नाही.”

“हळू! पॅकिंगच्या बायका ऐकतायत.”

“ऐकू देत. त्यांच्याकडूनच तर पसरून घेतलात!”

दीर हसला. चिडलं की हसायचं, ही त्याची जुनी खोड. “बरं, मग सांगून टाका खरं. बारा बायकांना घरी पाठवायचं कामही तुम्हीच करा. आणि एक सांगा, पंधरा वर्षांच्या रिपोर्टांवर सही कुणाची आहे? माझी?”

तो बरणी टेबलावर ठेवून गेला.

शेवग्याच्या पाल्याची पूड करणाऱ्या त्या घरच्या कारखान्यात तिला सगळे लॅबवहिनी म्हणत. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती या घरात आली, तेव्हा तिच्या हातात कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीचं पत्र होतं. “बाहेर कशाला जातेस, पोरी? इथेच लॅब काढून देतो,” सासरे म्हणाले, आणि शब्दाला जागले. जिन्याखालची अडगळीची खोली झाडून दिली. तपासणीचं जांभळं द्रावण उजेडात बिघडतं, म्हणून तिथल्या एकुलत्या एका खिडकीला काळा कागद लावावा लागला. तो तिनंच लावला होता, स्वतः खळ शिजवून, कौतुकानं.

पॅकिंगच्या बायकांना ती तपासणी समजावून सांगायची. “आपल्या शरीरात काही उपद्रवी कण हिंडतात, धडधाकट पेशींना ओरबाडतात. तसलेच कण या जांभळ्या पाण्यात आहेत. पाल्यातली अँटिऑक्सिडंटं त्यांना आवरतात, मग जांभळा रंग उडून पिवळा होतो. जितका रंग उडेल तितका पाला दमदार.”

“म्हणजे आमच्या सासूसारखं,” एकजण म्हणाली होती. “ती घरात आली की सगळ्यांचाच रंग उडतो!” त्या दिवशी वहिनी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली होती.

चूक झाली ती पहिल्याच वर्षी. उत्साहाच्या भरात तिनं मागच्या झाडाची कोवळी पानं निवडून निवडून खुडली, तासाभरात सावलीत पसरली, आणि नमुना म्हणून तीच तपासली. अठ्ठ्याऐंशी टक्के रंग उडाला! ती आकडा घेऊन नाचतच बाहेर आली. सासऱ्यांनी तो आठवड्याभरात पाकिटांवर छापून घेतला. पोत्यातला पाला तपासायला हवा हे कुणाला सुचलंच नाही, तिलासुद्धा नाही. तपासला तेव्हा साठ भरला. “आता पाकिटं छापून झालीत गं,” सासरे म्हणाले होते. एवढंच. तेव्हापासून बाटलीत साठ, कधी बासष्ट, आणि कागदावर अठ्ठ्याऐंशी. कालच्या पोत्यांनी तर चाळिशीही गाठली नव्हती.

खरेदीदारांची बाई चारला आली. तिशीचीही नसेल. आल्या आल्या म्हणाली, “ताई, तुमचे सगळे रिपोर्ट वाचलेत मी. पंधरा वर्षं एकच आकडा! मला शिकायचंय तुमच्याकडून.”

दाराच्या चौकटीला टेकून दीर उभा होता. “शिकवा हो वहिनी. हातचं राखू नका.”

वहिनीनं बरणी उघडली. पूड तोलली, अर्क काढला, गाळला, जांभळ्या द्रावणात सोडला. मग अंधारात अर्धा तास थांबायचं. दोघी त्या जिन्याखाली बसल्या, दीर दार ओढून घेऊन तिथेच उभा राहिला. वरून कुणीतरी चढलं की डोक्यावर धपधप व्हायचं.

“कंटाळा नाही येत इथे?” पाहुणीनं विचारलं.

“सवय झाली.”

“खिडकी उघडत नाही कधी?”

“उघडते की,” दीर म्हणाला. वहिनीला आठवेना, शेवटची कधी उघडली होती.

वेळ झाली. तिनं दिवा लावला. बाटलीत स्वच्छ पिवळं पाणी होतं. यंत्रानं आकडा दाखवला, एकोणनव्वद.

“वा!” पाहुणीनं टाळीच वाजवली. “कमाल आहे ताई!” तिनं फॉर्म पुढे सरकवला. वर पोत्यांचा क्रमांक होता, खाली सहीची जागा. वहिनीनं पेन घेतलं, टोपण काढलं.

“फक्त नियमापुरतं विचारते हं,” पाहुणी म्हणाली, “हा पाला या पोत्यांतलाच ना?”

पेन कागदावर टेकलं होतं. शाईचा ठिपका मोठा होत चालला.

“वहिनी, सांगा ना,” दीर म्हणाला. तो या वेळी हसत नव्हता.

“ताई?”

वहिनीनं पेनाला टोपण लावलं. अंगातला पांढरा कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. दीर दारातून हलला नाही. त्याच्या आणि चौकटीच्या मधून ती अंग चोरून बाहेर पडली, आणि पॅकिंगच्या टेबलांमधून, माना वर करून बघणाऱ्या बाराजणींच्या समोरून, चालत राहिली.