दहावा माणूस पाहिजे

माझे वडील महाडच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. उरलेली पत्रकं ते घरी आणत. आमच्या फळीवर पत्रकं, डब्यांखाली पत्रकं, लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेलंही पत्रकच. मला अक्षरओळख झाली ती त्यांच्यावरून. त्यामुळे ‘कमळ’ लिहिण्याआधी मला ‘धिक्कार’ लिहिता येऊ लागलं. एकोणिसाव्या वर्षापर्यंत माझी स्वतःची सहा पत्रकं निघाली होती. त्यातलं एक वडिलांच्या मालकाविरुद्ध होतं आणि ते वडिलांनाच जुळवावं लागलं.

माझं तत्त्व एकच. पत्रकात कुणाची जात लिहायची नाही, धर्म लिहायचा नाही. माणसाला माणूस म्हणायचं. चवदार तळ्याच्या गावात राहून याहून कमी काही लिहायची मला लाज वाटे. अजूनही वाटते.

आमच्या आळीच्या टोकाला तेलकाकांचा घाणा होता. ते बेने इस्रायल, म्हणजे आमच्याकडचे ज्यू. गाव त्यांना शनिवारतेली म्हणे. शुक्रवारी दिवेलागणीला घाणा थांबायचा तो शनिवारचे दिवे लागेपर्यंत. तोवर बैलसुद्धा जावयासारखा बसून खायचा. घाण्यावरच्या माडीत त्यांची प्रार्थनेची खोली होती, तिला ते मशीदच म्हणत. मला या सुट्टीचं फार कौतुक. एकदा मी काकांना विचारलं, “काका, आठवड्याची सुट्टी हा कामगाराचा हक्क. तुम्ही तो कोणत्या लढ्यातून मिळवलात?”

“लढा कसला? देवानं दिलीय.”

“मालकानं दिलेली सुट्टी ही भीक असते, काका.”

“मग तू जा देवाशी भांडायला. पण शनवार सोडून जा. शनवारी तोबी बसलेला असतो.”

मी शाळेत होतो तेव्हा महाडात आणि पोलादपुरात मिळून त्यांची पंधराएक घरं होती. मग दर दोन-चार महिन्यांनी एक घर मुंबईला जाऊन इस्रायलच्या बोटीत बसू लागलं. जाताना सामान वाटून टाकायचे. आमच्या आळीत अजूनही निम्म्या घरांतले पाटे-वरवंटे त्यांचे आहेत. शेवटी काकांच्या मुलानंही तिकडून तिकिटं पाठवली. काकू बोचकी बांधायला लागल्या. काका मात्र जागचे हलेनात.

कारण त्यांचे वडील गेल्याचा वर्षाचा दिवस पुढच्या गुरुवारी होता. वडील महाडच्या वेशीबाहेर पुरलेले. मेलेल्या माणसाच्या नावाची प्रार्थना दहा पुरुषांशिवाय म्हणता येत नाही, असा त्यांचा नियम. त्यांच्याच लोकांतले, तेरा वर्षांच्या वरचे दहा. नऊ झाले तर नाही. गेली काही वर्षं ती प्रार्थना राहूनच जात होती, आणि आता तर कायमचं जायचं. “बापाला एकदा नीट सांगून जाऊ दे,” काका म्हणत. “एकदा म्हटली की मी बोटीत बसतो. नाय तर नाय.” उरलेल्या घरांतले पुरुष त्यांनी स्वतःला धरून बोटांवर मोजले. नऊ झाले.

मी छाती पुढे काढून म्हणालो, “मी येतो. मी माणूस नाही का?”

“माणूस हायस रे,” काका म्हणाले, “पण दहावा नायस.”

हा अन्याय होता, पण त्यावर पत्रक काढायला वेळ नव्हता. मी दुसरं काढलं:

‘दहावा माणूस पाहिजे! नऊ आहेत, एक कमी आहे. वय तेरा वर्षांच्या वर. शिक्षणाची अट नाही. येत्या गुरुवारी सकाळी महाड येथे तेलाच्या घाण्यावर हजर व्हावे.’

वडील खिळे जुळवताना थबकले. “अरे, कोणत्या लोकांतला ते लिही की.”

“बाबा, निदान तुम्ही तरी हे बोलू नका.”

बाबांनी तसंच जुळवलं.

काकूंनी मात्र पत्रकाचं स्वागत केलं. हळूच म्हणाल्या, “एक पोलादपूरला लाव हां. स्टँडसमोर पंक्चरचं दुकान हाय, त्याच्या दारावर. भिंतीवर नको, दारावर. आणि काकांना काय बोलू नको.” माझं काम समजणारी एक तरी बाई गावात आहे, या आनंदात मी एसटीनं पोलादपूरला जाऊन त्या दारावर चांगली भरपूर खळ लावून आलो.

गुरुवारी सकाळी घाण्यासमोर चाळीस माणसं उभी होती. नाते गावची होती, पोलादपूरची होती. वरंधचा एक गडी पहाटेच चालत निघाला होता आणि स्वतःचं फावडं घेऊन आला होता. एकानं शाळेचा दाखला आणला होता. “पगार किती?” “जेवण मालकाचं का?” “नऊ जणांचं असं काय काम हाय, की दहावा लागतोच?”

काका टोपी घालून बाहेर आले. “हे काय रे?”

“दहावा माणूस, काका.”

“हे चाळीस हायत!”

त्यांनी चष्मा लावून पत्रक दोनदा वाचलं. “यात आमचं नाव कुठं हाय?”

“तत्त्व म्हणून घातलं नाही.”

“अरे, तत्त्व हाय का हिंग? सगळ्यात घालतोस!”

पण एवढ्या लांबून चालत आलेल्यांना हाकलणं काकांच्या स्वभावात नव्हतं. ते पायरीवर बसले. एकेकाला गाव विचारत, धंदा विचारत, आणि हात जोडून म्हणत, “तुमच्या जोगतं काम नाय हो. पण खाऊन जा.” काकूंनी नवसाचा मलिदा केला होता. गोड पोहे, गूळ, खोबरं. नकार मिळालेला प्रत्येक उमेदवार पान घेऊन बाजूला बसे. फावडेवाला तेवढा हटेना. “आधी जागा कोनाला मिळते ते बघतो,” म्हणून तो पायरीशीच उभा राहिला.

रांगेच्या शेवटी ग्रीसनं काळ्या झालेल्या सदऱ्यातला एक माणूस होता. हातात माझं पत्रक, दाराचा हिरवा रंग चिकटलेलं.

“गाव?” काकांनी वर न बघताच विचारलं.

“पोलादपूर.”

“धंदा?”

“पंक्चर काढतो.”

काकांचा आवाज बदलला. “शनवारी?”

“शनवारीबी गाड्या पंक्चर होतात, दादा.”

काकूंच्या हातातलं पान खाली पडलं. हा कोण ते सगळ्या आळीला माहीत होतं. मलाच नव्हतं. तो काकांचा धाकटा भाऊ. बारा वर्षांपूर्वी लग्नसराईत तेलाची मोठी मागणी आली, तेव्हा यानं शनिवारी बैल जुंपून घाणा चालवला होता. काकांनी त्याला घराबाहेर काढलं आणि त्याचं नाव घेऊ नका म्हणून सगळ्यांना बजावलं. मी तेव्हा सात वर्षांचा, ‘धिक्कार’ गिरवत होतो.

“बापाचा दिवस हाय म्हून आलो,” भाऊ म्हणाला. “नोकरी नको.”

“कागद वाच,” काका म्हणाले. “वय तेराच्या वर लिवलंय. तुझी अक्कल अजून तेराच्या आतच हाय.”

“आणि तुझी? बारा वर्षं झाली, नऊच मोजतोयस!”

काका पायरीवरून उठले. तेवढ्यात फावडेवाला म्हणाला, “म्हंजे जागा भरली का नाय?”

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “भरली,” ते म्हणाले.

ग्रीस पाण्यानं जात नाही. काकांनी घाण्यावरचं खोबरेल भावाच्या तळहातांवर ओतलं, चुलीतली राख आणून दिली, आणि हात स्वच्छ निघेपर्यंत शेजारी उभे राहून शिव्या दिल्या. मग दोघे माडीवर गेले; बाकीचे आठ सकाळपासून तिथंच वाट बघत होते.

मी खाली उमेदवारांत बसलो. वरून आधी सगळ्यांचा आवाज आला, मग फक्त दोघांचा. एक ठाम, दुसरा विसरत विसरत अर्ध्या शब्दानं मागून येणारा. मेलेली माणसं ऐकतात यावर माझा विश्वास नाही. पण चाळीस माणसांनी तोंडात पोहे असताना चावायचं थांबवलं होतं. मीही.

पुढच्या आठवड्यात काका-काकू गेले. वर्षभरात बाकीची घरंही गेली. भाऊ गेला नाही. तो म्हणे, “तिकडं पंक्चर काढायला माणसं असतील की.” मशिदीची किल्ली त्याच्याकडे आहे. शुक्रवारी दुपारी दुकान बंद करून तो एसटीनं महाडला येतो, शनिवारभर माडीवर एकटा बसतो, रविवारी परत जातो. परवा खाली उतरताना मला म्हणाला, “आता एकच हाय. नऊ पायजेत. छाप पत्रक.”

“या वेळी कोणते लोक ते घालू?”

“नको. मागच्या खेपेला घातलं असतंस, तर मी आलो नसतो. म्हटलं असतं, ते मला कुठं आपला मानतात? तू नुसतं माणूस लिवलंवतंस.”

बाबांनी पत्रक जुळवून दिलं. गठ्ठा फळीवर पडून आहे. खळही करून झाली. कुठल्या दारावर चिकटवायचं, ते मात्र अजून ठरत नाही.