पाचवो रंग

आता तुमच्यापासून काय लपवायचं? डिचोलीच्या भर बाजारात मी एका सज्जन माणसाला चोर म्हटलं. तेही एका सायकलपायी!

सायकल बाबांची. पोर्तुगीज अमदानीतली, हिरवी, वजनाला रेड्यासारखी. तिचे पोपडे निघायला लागले, म्हणून मी रंगवायचं ठरवलं. गोवा नुकतंच राज्य झालं होतं, तेव्हाची गोष्ट. पार्से गावातल्या घरातून सायकल बाहेर काढताना बाबांनी बजावलं, "सायकल तीच, रंग तोच. नाजाल्यार घरा येवं नाका!"

नाहीतर घराचं दार बंद! बाबा बोलले की बोलले.

डिचोलीत बाळू पेंटरनं नवीनच दुकान थाटलं होतं. कोल्हापूरकडचा माणूस. आणि मी कसा? दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघणारा! असली सायकल दडवून यानं भलतीच गळ्यात मारली तर?

म्हणून मी हुकूम सोडला. "घासायचं नाही. जुन्या रंगावरच मार."

"पोपडं निघतील की वो सायेब."

"निघू देत!" म्हणजे नखानं खरवडून खालच्या जुन्या रंगाची खात्री करता येईल ना! "आणि रंग पाचवो."

"पाचवा?"

"होय रे, पाचवोच!"

पुढचे चार दिवस मी समोरच्या हॉटेलात बसून पाळत ठेवली. बाळू एकदा गोणपाट घेऊन आत गेला, तर माझा चहा शर्टावर सांडला. गोणपाटात काय असेल? माझी सायकल! दुसरं काय?

पाचव्या दिवशी दुकानात गेलो. दारात एक गुलाबी सायकल उभी. अहो, बारशाच्या पाळण्यासारखी गुलाबी!

"माझी सायकल कुठंय?"

"ही काय!"

"चोर! बाबांची सायकल विकलीस!"

माणसं जमली. मी सगळ्यांसमोर किल्लीनं रंग खरवडला. खाली काय? हिरवा!

सायकल आमचीच होती.

"मग गुलाबी का मारलास?"

बाळूनं रंगांचं कार्ड आणून मोजून दाखवलं. एक, दोन, तीन, चार, पाच. पाचवा गुलाबी! "तुमीच म्हणलासा न्हवं? मला वाटलं, सायबांची हौस."

शेजारचा फुलवाला पोट धरून हसला. "अरे बाळू, आमच्यात पाचवो म्हणजे हिरवो!"

"पण मी मराठीतच सांगितलं!" मी ओरडलो.

"मग मी काय कानडीत ऐकलं व्हय?"

त्या दिवसांत कोकणी की मराठी हा वाद घरोघरी पेटलेला, आणि आमची बोली अस्सल मराठी म्हणून सगळ्यांत जोरात टेबल आपटणारा मीच! लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाळूची हात जोडून माफी मागितली आणि सायकल पुन्हा रंगवून दे म्हणून गयावया केली.

भला माणूस. लगेच तयार झाला. फक्त कार्ड माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "सायेब, आता बोलू नका. निस्तं बोट ठेवा."

मी हिरव्यावर बोट ठेवलं.

"ह्योच न्हवं?"

मी मुकाट्यानं मान हलवली. तोंड उघडायची छाती होती कुणाची?