मायची जबानी

तुमच्या ओट्यावर परका माणूस येऊन बसला आणि त्यानं विचारलं, "लेकरू कसं आहे?" तर तुमची आई त्याला खरं सांगेल का?

आमच्याकडे सांगत नाहीत. धामणगाव बढ्याजवळच्या आमच्या गावात लेकराचं कौतुक आईनं आपल्या तोंडानं करायचं नसतं. गुटगुटीत पोराला ती हाडाचा सापळा म्हणते. एकामागून एक मुलं दगावली असतील, तर जगलेल्याला दगडाधोंड्याचं नाव ठेवतात, म्हणजे नजर लावणाऱ्याला त्याच्यात काही घेण्यासारखं दिसू नये. ज्या सरकारनं आमची जमीन बांधाबांधानं मोजली, त्याला एवढी गोष्ट ठाऊक नव्हती. की ठाऊक करून घ्यायची नव्हती?

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, लढाईच्या काळात पलटणीत भरती झाला. भरतीच्या डॉक्टरनं त्याची छाती फितीनं मोजली, ठोकून पाहिली आणि पसंत केली. ती छाती ब्रह्मदेशाच्या जंगलात गेली. ताप, पाऊस, चिखलातली झोप. परत आला तेव्हा विहिरीवरून घरी येताना त्याला वाटेत बसावं लागे. पलटणीनं दमेकरी म्हणून त्याचं नाव कमी केलं होतं. अपंगत्वाचं पेन्शन मंजूर झालं असतं तर त्यासोबत फौजी दवाखान्यातला इलाज मिळाला असता. आम्हाला तो इलाज हवा होता.

पण त्याआधी सरकार एक प्रश्न विचारतं. हा रोग नोकरीनं दिला, की माणूस तो घरूनच घेऊन गेला? ते ठरवायला तहसिलीतून एक कारकून गावात आला. मी मलकापुरात शाळेत होतो, दादा बैलगाडीतून शेतावर राखणीला गेलेला. ओट्यावर पोलीस पाटील आणि शेजारीपाजारी जमले. पलटणीत जाण्याआधी मुलगा कसा होता, असं कारकुनानं मायला विचारलं. चारचौघांत, परक्यानं, आणि तेही आजारी लेकराबद्दल. मायनं पदर सारखा केला.

"कायचा कसा, सायेब. जन्माचा रोगट हाय थो. लहानपणापासून खोकलते. जगला हेच नशीब."

शेजारच्या बायांनी माना हलवल्या. कोणाला त्यात खोटं वाटलं नाही. आपल्या लेकरावर जीव आहे, एवढंच त्यांना ऐकू आलं. कारकुनानं शब्दन् शब्द उतरवला, मायचा अंगठा घेतला, चहा पिऊन गेला. अर्ज फेटाळला गेला. कारण दिलं होतं: रोग भरतीआधीचा, खुद्द आई सांगते.

मी अपील लिहिलं. शाळेत अक्षरं शिकलो, पण लिहायला शिकलो ते बाजाराच्या दिवशी वाटली जाणारी चळवळीची पत्रकं वाचून, त्यामुळे माझी भाषाही तशीच. पण मुद्दा साधा होता. सरकारच्या डॉक्टरनं धडधाकट म्हणून घेतलेला माणूस सरकारनं मोडून परत पाठवला, तर त्या मोडण्याची जबाबदारी कोणाची?

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला, म्हणून सुनावणी नागपुरात. मलकापूरहून आम्ही तिघं गाडीत बसलो. तिथं मायला लेकाची तारीफ करायची होती, तीही भरल्या खोलीत.

समोर तिघं होते. एक न्यायाधीश, एक निवृत्त फौजी अधिकारी, एक डॉक्टर. वाईट वागले असते तर बरं झालं असतं, मला रागवायला जागा मिळाली असती. त्यांनी मायला खुर्ची दिली; ती खुर्चीशेजारी खाली बसली आणि पोरगा भरतीआधी धडधाकट होता, एवढंच पुटपुटली. न्यायाधीशांनी विचारलं, आधी सांगितलं ते खोटं की आता सांगते ते?

"तवाचं खोटं, सायेब. नजर लागते म्हून."

कोपऱ्यात लिहून घेणारा तिथला कारकून हसला. डॉक्टर मराठी होते. आमच्या घरच्या बायाही असंच बोलतात, असं ते हळू आवाजात म्हणाले. न्यायाधीशांनी ते ऐकून घेतलं. मग शांतपणे समजावलं की, पहिली जबानी मनात काही नसताना दिलेली, दुसरी अर्ज फेटाळल्यावरची. कायदा पहिलीला वजन देतो. मी भरतीच्या डॉक्टरचं काय म्हणून विचारलं. लढाईच्या घाईत अशा गोष्टी नजरेतून सुटतात, असं उत्तर मिळालं. म्हणजे सरकारची घाईसुद्धा सरकारच्याच बाजूची साक्षीदार.

तेव्हा माय उठून उभी राहिली.

"सरकीचं पोतं एकटा उचले माहा लेक. नळगंगेच्या पुरातून बैलजोडी काढली त्यानं. साऱ्या गावात असा गडी नव्हता, सायेब."

एवढं बोलून तिनं तोंडावर पदर धरला. शिवी तोंडातून गेल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. दादा खाली मान घालून ऐकत होता.

परतीच्या गाडीत तो म्हणाला, "काऊन वं माय, इतका चांगला होतो मी? मले कधी बोलली नाहीस."

"गप बस बे," माय म्हणाली.

घरी आल्या आल्या तिनं मीठमिरच्या त्याच्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. त्या ठसक्यानं त्याचा जीव कासावीस झाला, तरी तो जागचा हलला नाही. तिच्यासाठी बसून राहिला.

निकाल टपालानं आला. अपील नामंजूर, पुढं दाद नाही. मी वाचून दाखवला तसा दादा म्हणाला, "सरकारनं माह्या मायवर इश्वास ठेवला, हे काय कमी हाय?" हसताना त्याला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही.

हिवाळ्यात तो गेला. दमट, कोंदट जंगलानं त्याला मारलं, हे मी मायला हरतऱ्हेनं सांगितलं. फौजी दवाखान्याचं दार बंद करणाऱ्या नियमानं मारलं, हेही सांगितलं. तिला पटत नाही. नागपुरात आपण त्याची तारीफ केली, म्हणून तो गेला, असं ती धरून बसली आहे. माझ्याजवळची सगळी पत्रकं आणि सगळे मुद्दे तिच्यापुढे निकामी आहेत. आता ती घरातल्या कुठल्याच लेकराबद्दल बोलत नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही.

तुमच्या गावात पलटणीतून परतलेला, धाप लागणारा किंवा लंगडणारा कोणी असेल, तर हे वाचून झाल्यावर त्याच्या घरी जा. त्याच्या आईला सांगा की, चौकशीला येणाऱ्यापुढे लेकरू होतं तसंच सांगायचं. आणि तो माणूस येईल त्या दिवशी हातचं काम टाकून तिच्याजवळ बसा. त्यानं लिहिलेलं मोठ्यानं वाचायला लावा, आणि मगच तिला अंगठा लावू द्या.