नखाचा खड्डा

रबराची रिंग हातात आली की काका आधी तिच्यात अंगठ्याचं नख रुतवायचे. मग पुटपुटत एक, दोन, तीन मोजायचे. खड्डा भरून आला तर रिंग पेटीत. नाही आला तर, "कच्ची आहे. बिल्कुल नाही चालणार."

दिल्लीजवळ मानेसरच्या एका कारखान्यात गाड्यांच्या इंजिनात बसणाऱ्या रबरी रिंगा तयार व्हायच्या. रबर साच्यात दाबून तापवणाऱ्या प्रेसवर काका, आणि मी क्वालिटीचा नवा इंजिनिअर. काका वडिलांच्या सरकारी नोकरीमुळे लहानपणीच दिल्लीला आलेले. अख्ख्या कारखान्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. परमुलखात मराठी कानावर पडलं की लगेच आपलं मानणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कंपनीच्या बसमध्ये ते रुमाल टाकून माझी जागा धरत.

पदवी माझ्याकडे होती, पण रबर मला त्यांनी त्या बसमध्ये शिकवलं. उभ्या गर्दीकडे बोट दाखवून म्हणाले, "कच्च्या रबरातल्या लांब साखळ्या अशाच, सुट्ट्या. ब्रेक लागला की घसरतात, परत जागेवर येत नाहीत. गंधक घालून तापवलं की मधेमधे एकमेकींचे हात धरतात. मग ओढा, परत येतात. पण सगळ्यांनी सगळ्यांचे हात धरले तर? दगड! वाकवला की तुटला."

"मग किती धरायचे?"

"अकरा मिनिटं," काका म्हणाले.

एका महिनाअखेरीला माल न्यायला ट्रक येऊन उभा होता. मी अकराची आठ मिनिटं केली, तोंडी. कुठे नोंद केली नाही. काकांनी पहिलीच रिंग माझ्यासमोर धरून नख रुतवलं. खड्डा भरेना.

"साहेब, अजून तीन मिनिटं द्या तिला."

"काका, ट्रक उभा आहे, यार. मी बघतो ना."

त्यांनी ती रिंग माझ्या हातात ठेवली आणि प्रेसकडे वळले. मी ती खिशात टाकली. माल सोडला.

दोन महिन्यांत तो परत आला. रिंगा चपट्या होऊन बसल्या होत्या, इंजिनांतून तेल गळत होतं. मॅनेजरनी बैठकीत विचारलं, "प्रेस पर कौन था?"

मी म्हणालो, "काका थे."

खोटं नव्हतंच ते. टाइम मैंने घटाया था, एवढं एक वाक्य पुढे बोलायचं होतं. जीभ रेटली नाही.

काका दाराशीच उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जी, मैं ही था."

त्यांना कामावरून काढलं. शेवटच्या दिवशीही बसमध्ये माझ्या जागेवर त्यांचा रुमाल होता. उतरताना त्याची घडी करत म्हणाले, "तुमचं प्रोबेशन आहे ना अजून. चलो, सांभाळून राहा." मी साधं सॉरीसुद्धा म्हटलं नाही. आजही आठवलं की स्वतःची लाज वाटते.

आता क्वालिटी खात्याचा प्रमुख मी आहे. नव्या इंजिनिअरांना बसमधल्या गर्दीचं उदाहरण देतो. त्यांना ते माझंच वाटतं, आणि मी वाटू देतो.

ती रिंग माझ्या टेबलाच्या खणात आहे. कधीतरी काढून बघतो. काकांच्या नखाचा खड्डा अजून भरलेला नाही.