होडी पाण्यानंच जाईल

होडी ट्रकवर चढते ती भंगारात जायला, हे मी लहानपणापासून बघत आलोय. म्हणून मुलगा जेवताना म्हणाला, "ट्रक सांगतो, क्रेन लावून उचलू, दुपारपर्यंत वसईला," तेव्हा मी ताटावरून उठलो आणि हात न धुताच गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आमच्या चौथ्या मजल्यावरून खाडी दिसत नाही, पुढची बिल्डिंग आड येते. तरी मी तिकडंच तोंड करून उभा.

डोंबिवली पश्चिमेला खाडीकाठी आम्ही होड्या बांधून ठेवायचो. तिथं आता भिंत घालून रस्ता होणार, दिवाळीच्या आत होड्या हलवा, असं पालिकेचे लोक सांगून गेले. बाकीच्यांनी विकल्या. एकाची तर हॉटेलच्या दारात ठेवलीय, आत माती भरून झाडं लावलीत. माझी होडी मी वसईला भाच्याला द्यायचं ठरवलं. तो दर्यात मच्छी मारतो, त्याच्याकडे ती पाण्यात राहील. इथवर घरात कुणाचं काही म्हणणं नव्हतं. भांडण होतं ते जायची कशी याचं. मी म्हणत होतो पाण्यानं, आणि सुकाणूवर मी. मुलगा म्हणत होता रस्त्यानं, आणि तू घरी.

त्याचं म्हणणं, माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं मी करून घेत नाही. वर्षभर होडीत पाय ठेवलेला नाही. खाडी आता पूर्वीची नाही. तो वागळे इस्टेटला कारखान्याच्या ऑफिसात बसतो, त्याला पूर्वीची तरी कुठं माहीत आहे?

शेवटी आमची ही मध्ये पडली. मुलाला म्हणाली, "नाय म्हणशील तर हा एकटा सोडून नेईल होडी. बैलाला वेसण घालायची तर समोरून घाल. काहीतरी अट टाक."

मुलानं अट टाकली. "बाबा, मोठ्या बोटींवर कॉम्प्युटरवर नकाशा असतो, तसा तू लाव. आपल्या बंदरापासून भाच्याच्या बंदरापर्यंत लाइन दाखव मला. कुठं किती पाणी, सगळं. दाखवलीस तर पाण्यानं. नाहीतर ट्रक."

त्याला वाटलं, दुसरीतून शाळा सोडलेला माणूस काय लावणार. मी म्हटलं, "लावतो." आणि त्या क्षणापासून मला अन्न गोड लागेना.

घरात कॉम्प्युटर कळतं ते सुनेला. ती मानपाड्याला एका ऑफिसात बिल्डिंगांचे प्लॅन काढते, दोन दिवस घरून काम करते. साताऱ्याकडची पोर, पाणी बघितलं ते विहिरीतलं. तिनं मुलाचा जुना लॅपटॉप काढला, बोटीचं सॉफ्टवेअर टाकलं, समुद्राचे नकाशे रीतसर मागवून घेतले. मी तिच्या खुर्चीमागे उभा. तिची मीटिंग चालू असली तरी उभा.

"बाबा, बसा ना."

"बसून दिसत नाय."

"उभं राहूनही तुम्ही चष्मा लावलेला नाही."

पहिल्यांदा ते उघडलं तेव्हा आमची होडी भलत्याच दर्यात होती. चारी बाजूंना निळं, जमीन कुठं नाही. सून म्हणाली, अजून त्याला आपण कुठं आहोत ते कळलेलं नाही. मग मुलानं मागवलेलं जीपीएसचं यंत्र आलं, गोट्याएवढं काळं, शेपटीसारखी वायर. वायर खोचली तरी होडी हलेना. सूनबाई कुठल्या कुठल्या खिडक्या उघडून नंबर बदलत बसली. मी ते यंत्र उचलून गॅलरीत नेलं आणि कपड्यांच्या दोरीवर चिमट्यानं लटकवलं. त्याला आभाळ लागतं असं तीच म्हणाली होती. थोड्या वेळानं आतून ओरडली, "आली, बाबा, आली." जाऊन बघतो तर होडी पिवळ्या जमिनीवर, डोंबिवलीत, आमच्या बिल्डिंगच्या जागी. आमची ही भाजी निवडत होती. म्हणाली, "आता लिफ्टनं खाली न्या."

मग तिनं विचारलं, होडी पाण्यात किती बुडते. मी जमिनीपासून हात धरून दाखवला, तिनं टेप लावून आकडा भरला. त्याहून कमी पाणी असेल ती जागा आपोआप गडद दिसणार. वसईच्या तोंडाशी सगळीकडे बारीक आकडे होते. ते सगळ्यात खालच्या ओहोटीचं पाणी दाखवतात, असं तिनं वाचून सांगितलं. मला ते आवडलं. ज्यानं नकाशा केला त्यानं कधीतरी चिखलात रात्र काढलेली असणार.

पण माऊस वर वर सरकवत तिनं घोडबंदरच्या आत आणला आणि आकडे विरळ झाले. कशेळीच्या पुलाकडे येईपर्यंत संपलेच. त्यापुढे नुसते दोन काठ आणि मध्ये पांढरं. मुंब्र्याचं रेतीबंदर, मोठागाव, आमचं बंदर, पार वर कल्याणपर्यंत, सगळं पांढरं. माझा सगळा जन्म ज्या पाण्यात गेला तिथं एकसुद्धा आकडा नाही.

मुलगा ऑफिसातून आला, बूट न काढताच वाकून बघितलं. "झालं तर मग. ट्रकवाल्याला फोन करतो."

"थांब," मी म्हटलं. "पांढरं आहे ना? मी भरतो."

सॉफ्टवेअरमध्ये आपल्या खुणा टाकता येतात. सून माऊस धरून बसली आणि मी खोलीत येरझाऱ्या घालत सांगत गेलो. डोळे मिटले की मला खाडी दिसते. काठ कुठं वळतो, खडक कुठल्या अंगाला, ओहोटीला वाळू कुठं उघडी पडते. आम्ही होडीतून रेती आणि कौलं वाहायचो. पाणी मोजायला आमच्याकडे मीटर नव्हता. बांबू टाकायचा आणि ओला किती झाला ते अंगाला लावून बघायचं. घोटाभर, गुडघाभर, कमरभर, छातीभर, पुरुषभर.

"इथं कमरभर," मी सांगितलं.

"कुणाच्या कमरेएवढं?"

"माझ्या. अजून कुणाच्या?"

ती टेप घेऊन उठली. सासऱ्याच्या कमरेला टेप कशी लावायची म्हणून एक टोक मला धरायला देऊन ती खाली वाकली. आकडा लिहिता लिहिता थांबली. "बाबा, हे माप आत्ताचं. तेव्हा तुम्ही उंच असाल."

हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. आमची ही म्हणाली, "लग्नात मी त्याच्या खांद्याला लागायची, आता कानाला लागते." सुनेनं हिला माझ्याशेजारी उभी केली, हिच्याही म्हातारपणाचा हिशोब धरला आणि सगळ्या आकड्यांत चार बोटं वाढवली. लाइन पुरी झाली. आमच्या बंदरापासून वसईपर्यंत, न तुटता. मुलगा बराच वेळ बघत होता. म्हणाला, "रविवारी थोडं अंतर जाऊन बघू. खरं निघालं तर माझी ना नाही."

रविवारपर्यंत मला कुठं बसवेना. सकाळ-संध्याकाळ बंदरावर जायचो, होडीतलं पाणी उपसायचो, उपसलेल्या होडीत परत फडकं फिरवायचो. भिंतीवाल्यांची माणसं चुन्याची रेघ मारून गेली होती, ती होडीच्या नांगराच्या दोरावरून गेलेली.

रविवारी ओहोटी सुरू असतानाच निघालो. पाणी उतरत असताना बघितलं तरच खरं. मी सुकाणूवर, मुलगा बांबू घेऊन पुढे, सून मध्ये लॅपटॉपवर छत्री धरून. पहिला खडक सांगितल्या जागी होता. मुलगा मागे वळून हसला. मोठागावच्या नव्या पुलाच्या अलीकडे मी म्हटलं, "आता गुडघाभर, वाळूचा पट्टा." मुलानं बांबू टाकला. तो गेला, गेला, त्याचा हात पाण्यात गेला.

"तळ लागत नाही."

"नीट टाक."

"बाबा, हातभर राहिलाय बांबू."

पंप लावून रेती काढली होती ती लोकांनी बघितलेली, मीही बघितलेली. पण डोळे मिटले की मला तिथं पट्टाच दिसायचा. मी होडी पलीकडच्या अंगाला घेतली. तिथं माझा मोठा प्रवाह, पुरुषभराच्याही वर. सून म्हणाली, "बाबा, आपण खोल पाण्यात आहोत," आणि तेवढ्यात होडी चिखलात बसली. हळू, आवाज न करता, म्हैस बसते तशी. पुलाच्या खांबांच्या आडोशाला गाळ साठलेला, तिवरं पार पुढपर्यंत आलेली.

पाणी उतरत गेलं. चिखल वर आला, निवट्या मासोळ्या त्यावर उड्या मारायला लागल्या. स्क्रीनवर आमची होडी मस्त निळ्यात तरंगत होती. पुलावर एक मोटरसायकलवाला थांबून ओरडला, "ओ काका, पार्किंग मिळाली काय?"

भरती येईपर्यंत हलता येणार नव्हतं. मुलगा ट्रकचा विषय काढेल म्हणून मी वाट बघत होतो. तो काढेना, ते जास्त लागत होतं. शेवटी मीच म्हटलं, "मी चुकलो नाय. खाडी हलली."

"तेच म्हणतोय ना मी," तो म्हणाला. "तू बरोबर होतास. खाडी हलली."

सून आमच्या दोघांकडे बघत नव्हती. तिनं विचारलं, "या खुणांचं काय करू?"

कौलांच्या होडीवर असताना माझ्या बापानं दाखवलेल्या जागा त्यात होत्या. काही मी स्वतः बुडता बुडता शिकलेलो. मी म्हटलं, "पूस."

"सगळ्या?"

"खडक ठेव. खडक पळत नाहीत. बाकी पूस."

एकेका खुणेवर ती बोट दाबत होती आणि खूण जात होती. परत पांढरं. मला चिखलात उतरून चालत सुटावंसं वाटलं, पण तो चिखल माणूस गिळतो. मग होडीतल्या होडीत या टोकापासून त्या टोकाला फिरत राहिलो. मुलगा म्हणाला, "बाबा, होडी हलतेय." मी म्हटलं, "बरंच आहे, सुटेल."

भरतीनं सुटलो. धक्क्याला लागता लागता मुलानं ट्रकवाल्याला फोन लावला. ऐकू येईल असा बोलला, "अजून थोडे दिवस थांबा."

मग आम्ही बांबूवर मीटरच्या पट्ट्या रंगवल्या. अष्टमीच्या भांगाला पाणी धड चढतही नाही, उतरतही नाही, तेव्हा घरी बसायचं. अमावास्येच्या उधाणाला पार खाली जातं, तेव्हा निघायचं. मुलगा रजा टाकून यायचा, नाहीतर सून. मी बांबू टाकायचो, आकडा सांगायचो, जो बरोबर असेल तो भरायचा. पुरुषभर बोलायची सोय राहिली नाही, एक पॉइंट आठ म्हणायचं. तोंड वळेना सुरुवातीला. असं मोजत मोजत कशेळीपर्यंत पोचलो तेव्हा चुन्याच्या रेघेवर खड्डे खणायला सुरुवात झाली होती.

गेलो शेवटी पाण्यानंच. पण सुकाणू मुलाकडे. ते मीच दिलं. लॅपटॉपवरची लाइन बघून चालवायचं तर दोन्ही डोळे लागतात, आणि मला बांबूशिवाय खाली काय आहे यावर विश्वास बसत नव्हता. नागलाबंदरच्या पुढं डोंगर मागं पडला, खाडी रुंद झाली आणि सून म्हणाली, "बाबा, आता नकाशाचे आकडे दाट झाले. आता बसा." मी आणखी दोनदा टाकला. तळ लागला नाही. मग बांबू आत घेतला, पण बसलो नाही.

वसईला भाचा धक्क्यावर उभा होता. दोर झेलला, पाया पडला, म्हणाला, "मामा, इथंच बांधू, माझ्या बोटीच्या बाजूला." मला ती जागा पसंत पडेना, पलीकडून लाटेचा मार येत होता. हलवायला लावली. तिथं कठड्याला घासत होती. परत हलवली. भाच्याची बायको चहा घेऊन तिसऱ्या जागी आली.

मुलगा घड्याळ बघत होता. "बाबा, चल आता, गाडी गाठायचीय. उद्या ऑफिस आहे."

"तुम्ही व्हा पुढं."

"आणि तू?"

"पाणी उतरू दे. ओहोटीला ती तळावर कशी बसते ते बघितल्याशिवाय मी येणार नाय."

त्यानं आईला फोन लावून माझ्या हातात दिला. ती म्हणाली, "बसली की तू पण जरा बस," आणि ठेवून दिला.

मुलगा आणि सून गेले. भाच्यानं खुर्ची आणून ठेवली. मी धक्क्याच्या कडेला उभा होतो. पाणी अजून उतरायला लागलं नव्हतं.