मुकी चौथी तार

आमच्या नंदुरबारच्या ऑर्केस्ट्रात मोठा भाऊ गायचा आणि मी बेस गिटार वाजवायचो. साठीचं दशक संपत आलं होतं. ती विजेवरची गिटार मुंबईहून आणलेली, कुणीतरी बरीच वर्षं वाजवून टाकलेली. तीन तारा सुरेख बोलायच्या. चौथी, सगळ्यात जाड तार मात्र मोकळी छेडली की धान्याच्या पोत्यावर थाप मारावी तसा आवाज यायचा. धप्प. पुढे काही नाही.

"गिटारले सर्दी व्हयनी का रे?" तालमीत भाऊ सगळ्यांसमोर म्हणायचा.

मी मुंबईहून नवी तार मागवली. ती येईपर्यंत रोज टोमणे ऐकले. तार आली, चढवली, छेडली. धप्प!

"नवी तार टाकी दिधी, तरी तशीच शे," मी म्हणालो.

"मंग तुन्हा हातच मरेल शे," भाऊ म्हणाला. माझा हात मेलेला! त्या रात्री मी जेवलोच नाही.

मग मी ॲम्प्लिफायरच्या मागे लागलो. वायरी बदलल्या, कथलाचे डाग दिले, विजेचा झटकाही खाल्ला. एका दुपारी वैतागून तीच तार मानेवरच्या पहिल्या पडद्यावर, म्हणजे धातूच्या आडव्या कांडीवर, दाबून वाजवली, तर घंटेसारखी घुमली. सोडली की पुन्हा मुकी. म्हणजे तार, वायर, हात सगळं ठीक होतं. दोष होता मानेच्या टोकाशी असलेल्या हाडाच्या पट्टीत. तिच्या खाचांतून तारा खुंट्यांकडे जातात. चौथ्या तारेची खाच झिजून पसरट झाली होती आणि तार तिच्यात गादीवर लोळावी तशी पडून होती.

इतके दिवस वाया गेल्याचा राग मी कानशीवर काढला. खाचेला खुंट्यांकडे उतार देताना जास्तच घासलं. तार खाली बसली आणि पडद्याला लागून माशीसारखी भुणभुणू लागली. त्याच संध्याकाळी तापीकाठच्या एका गुजर पाटलांच्या घरी लग्नाचा कार्यक्रम होता.

जीपमध्ये बसल्या बसल्या मला एक उपाय सुचला. तार अर्धा सूर उतरवायची आणि मोकळी वाजवायचीच नाही, कायम पहिल्या पडद्यावर दाबायची, म्हणजे मोकळ्या तारेचाच सूर मिळेल. गाण्यामागून गाणी मी तसंच रेटलं. बोटांत गोळे आले. शेवटच्या गाण्यात सवयीने हात सुटला आणि मोकळी तार भुणभुणत बेसूर वाजली. भाऊ गाता गाता मागे वळला. वऱ्हाडी मंडळी जेवणाच्या पंगतीकडे निघाली होती, त्यांना काही कळलंही नाही. पण भावाचे ते डोळे! त्यापेक्षा टोमणे बरे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टी उखडली. काडेपेटी फोडून तिच्या पातळ लाकडाची चीप कापली, पट्टी उंच व्हावी म्हणून तिच्याखाली सरसाने चिकटवली आणि सरस वाळेपर्यंत घरात येरझाऱ्या घातल्या. तार चढवून छेडली. आवाज भिंतीपर्यंत गेला आणि रेंगाळला. मला आनंद व्हायला हवा होता, पण आधी संतापच आला. एवढ्याशा खाचेसाठी एवढं सगळं?

मी ती तार पुन्हा पुन्हा वाजवत राहिलो, मुद्दाम, जोरात. भाऊ आतल्या खोलीत दाढी करत होता.

"बस कर रे," तो ओरडला. "समजनं मले. हात चांगला शे तुन्हा."